काढा घ्या, पण कुणाला विचारून?

सर्दी-तापाला त्रिभुवनकीर्तीच्या दोन गोळ्या, ही मराठी घरांतली जुनी सवय. औषधाच्या दुकानात त्या चिठ्ठीशिवाय मिळतात, किंमत किरकोळ असते, आणि ‘आयुर्वेदिक आहे’ म्हटले की पुढे कुणी काही विचारत नाही. त्या छोट्या बाटलीवरचे बारीक अक्षर मात्र एकदा वाचावे. घटकांच्या यादीत सुंठ, मिरी, पिंपळी या स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या मंडळींबरोबर शुद्ध हिंगूळ आणि शुद्ध वत्सनाभ अशी दोन नावे असतात. तुळस आणि आल्याच्या रसाबरोबर धोत्र्याच्या रसाचीही भावना दिलेली असते. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. वत्सनाभ म्हणजे बचनाग, ज्याचा कच्चा कंद हृदयाचे ठोके बिघडवून माणसाचा जीव घेऊ शकतो. शास्त्रोक्त शोधनाने त्याचे विष बरेच उतरते आणि मोजक्या मात्रेत वैद्य तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, हे खरे. पण म्हणूनच १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांना ‘ई-१’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. बचनाग, बिब्बा, धोत्रा, कुचला, गुंज, कण्हेर, जमालगोटा, हिंगूळ, हरताळ अशी द्रव्ये तिच्यात येतात, आणि ती ज्यात आहेत अशा पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापावी लागते. सूचना छापलेली असतेच. देखरेख कोणी करायची, हे मात्र घेणाऱ्याच्या मनात येत नाही.

वनस्पतीचे औषध हे औषधच असते आणि औषधाला लागू असलेले सगळे प्रश्न त्यालाही लागू असतात. मात्रा किती, किती दिवस, कुणाला द्यायचे, कुणाला नाही, सोबत आणखी काय चालू आहे. एवढे मान्य केले तर ‘अमुक रोगावर कोणती वनस्पती?’ हा नेहमीचा प्रश्न अपुरा ठरतो, कारण त्यात रोगाचे नाव असते आणि रोगी नसतो. सर्पगंधेची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच रक्तदाब आणि मनाचा क्षोभ यांवर तिचा उपयोग होतो असे लिहिले होते. जगाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष छापल्यावर. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळे काढले आणि काही काळ ते रक्तदाबावरचे जगभरातले महत्त्वाचे औषध झाले. मग तक्रारीही येऊ लागल्या. कुणाचे नाक सतत चोंदायचे, कुणाची नाडी मंदावायची, काही जण नैराश्यात गेले. मुळात रक्तदाब उतरवण्याइतकी ताकद होती, आणि तीच ताकद या तक्रारींनाही कारण झाली. ज्याचा काही परिणामच होत नाही त्याचाच दुष्परिणाम होत नाही. तेव्हा ‘वनस्पती आहे, फायदा झाला नाही तरी तोटा नाही’ असे म्हणणारा माणूस नकळत त्या वनस्पतीला कुचकामी ठरवत असतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे आजीचा बटवा. आपल्या आज्या-पणज्या कुठल्या वैद्याला विचारायला गेल्या होत्या? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात तथ्य आहे. फक्त ते आक्षेप घेणाऱ्याला वाटते त्याच्या उलट बाजूला आहे. बाळगुटीची रीत जवळून पाहा. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, ज्येष्ठमध यांचे तुकडे डबीत ठेवलेले. दूध किंवा पाणी घालून सहाणेवर एकेक उगाळायचा, तोही वळसे मोजून. पोट फुगले असेल तर वेखंडाचा वळसा, शौचाला पातळ होत असेल तर जायफळाचा, खडा होत असेल तर हिरड्याचा, आणि जायफळ जास्त झाले तर मूल गुंगीत पडते हे ठाऊक असल्याने तिथे हात आखडता. त्या म्हाताऱ्या बाईकडे मात्रा होती, रोज समोर दिसणारे मूल होते, आणि कालच्यापेक्षा आज काय बदलले हे पाहण्याची नजर होती. (आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, सहाणेची स्वच्छता आणि वेखंडातले घटक पाहता ते ऐकावे.) बटव्यातून आज उरले आहे ते वनस्पतींच्या नावांचे भेंडोळे. वळसा गेला आणि त्याच्या जागी पाचशे मिलिग्रॅम अर्काची कॅप्सूल आली, जी सकाळ-संध्याकाळ, मुदतीशिवाय, वर्ष-वर्ष घेतली जाते. शिवाय आजीच्या काळी घरातले कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत नव्हते, कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप नव्हती, कुणाच्या अंगात दुसऱ्याचे मूत्रपिंड नव्हते. चिमूटभर हळद-सुंठीबद्दल, खोकल्याला दोन दिवस घेतलेल्या अडुळशाबद्दल कुणाचे काही म्हणणे नाही. स्वयंपाकघरातली मात्रा ओलांडली किंवा आठवडा उलटला, की तो घरगुती उपाय राहत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक चिवट असतो: ‘आम्हाला गुण आला.’ कावीळ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्रात फार थोडे तालुके असे असतील जिथे काविळीचे औषध देणारे एखादे घर प्रसिद्ध नाही. ठरलेला वार, उपाशीपोटी यायचे, ताकातून किंवा दुधातून पाला, तेल-तिखट बंद. शंभरातले बहुतेक बरे होतात, आणि म्हणून त्या घराचे नाव होते. पण पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ची असते, आणि ती निरोगी माणसाला काही आठवड्यांत आपोआप सोडते. पाला दिला तरी उतरते, न दिला तरी उतरते. खरी अडचण उरलेल्यांची असते. डोळे पिवळे होण्यामागे पित्तनलिकेत अडकलेला खडा असू शकतो, स्वादुपिंडाची गाठ असू शकते, हिपॅटायटिस ‘बी’ असू शकतो. कोकणात पावसाळ्यानंतर लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. आणि गरोदर बाईला झालेला ‘ई’ आई व मूल दोघांच्या जिवावर बेतू शकतो. पिवळेपणा सगळ्यांचा सारखाच दिसतो. यांतला फरक रक्ताच्या तपासणीत आणि सोनोग्राफीत कळतो, पाल्यात कळत नाही. पाला देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. पुष्कळदा तो पैसेही घेत नाही. तो निदान करत नाही एवढाच त्याच्यातला दोष, आणि तो फार मोठा आहे. आपोआप ओसरणाऱ्या दुखण्यात कोणताही उपाय यशस्वी ठरतो, म्हणून गुण आल्याच्या गोष्टींवरून औषधाची परीक्षा होत नाही.

बाटलीत जे लिहिले आहे तेच असते का, ही तर वेगळीच कहाणी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे भराभर निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळले की चिनी औषधातल्या एका वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरी वनस्पती आली होती. शंभराहून अधिक जणींना तिची झळ बसली. कित्येकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. हे परदेशात घडले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण नावांचा गोंधळ आपल्याकडेही आहे. एकाला ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी वाटते, दुसऱ्याला मंडूकपर्णी. शंखपुष्पी या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. स्त्रियांच्या तक्रारींवर वापरायच्या अशोकसालीत रस्त्याकडेला उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. धातूंचा प्रश्न आणखी निराळा. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यांत भारतात तयार झालेली होती तशी अमेरिकेत तयार झालेलीही होती. आणि सगळ्यांत साधी लबाडी म्हणजे संधिवाताच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइडची पूड घालणे. वर्षानुवर्षे जखडलेले गुडघे तीन दिवसांत मोकळे झाले, भूक वाढली, महिनाभरात चेहरा गोल झाला, साखर चढली, तर ती पुडी कुठल्याही मुळीची नाही. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे तोवर थांबवलेले असू शकते. अशा वेळी पुडी घेऊन थेट डॉक्टरकडे जावे आणि ती कशी सोडायची ते विचारावे.

आता समजा, वनस्पती खरी आहे, कंपनी चांगली आहे, भेसळ नाही. तरीही वैद्याची गरज उरते, हे गुळवेलीने दाखवून दिले. कोविडच्या दिवसांत प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, ज्यांनी आधी गुळवेल घेतली होती. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या प्रकारच्या आजाराची लक्षणे त्यांतल्या अनेकांत होती, आणि बऱ्याच जणांना थायरॉइड किंवा मधुमेह असे जुने विकार होते. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देण्यास हरकत घेतली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल अशी शक्यता मांडली. हा वाद इथे सोडवण्याची गरज नाही. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांतल्या फार थोड्यांना इजा झाली, हे खरेच आहे. पण ते थोडे कोण, हे आधी ओळखण्याचा मार्ग एकच होता: घेणाऱ्याला कुणीतरी त्याचे जुने आजार विचारायला हवे होते, आणि महिनाभराने यकृताची तपासणी करून पाहायला हवी होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे मान्य केले तरी निष्कर्ष बदलत नाही. जात चुकली असेल तर ती ओळखणारा हवा होता, आणि जात बरोबर असेल तर माणूस ओळखणारा हवा होता.

चालू औषधांशी होणारी टक्कर हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. याचा एक जुना पुरावा मुंबईतलाच आहे. फेपऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या काही रुग्णांचे झटके आटोक्यात असताना पुन्हा सुरू झाले. ते स्मरणशक्तीसाठी म्हणून शंखपुष्पीचे सिरप घेत होते असे आढळले. पुढे उंदरांवर प्रयोग करून पाहिला तेव्हा सिरपमुळे रक्तातले फेनिटॉइन खरोखरच कमी होते असे दिसले. तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तरीही परीक्षा जवळ आली की शंखपुष्पीची बाटली आणणाऱ्या पालकांना मुलाला आणखी काय चालू आहे हे आजही कुणी विचारत नाही. मिरी आणि पिंपळीतले पायपरिन उलट दिशेने काम करते. ते दुसऱ्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढवते, इतके की जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने क्षयाच्या औषधांत दहा मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली आणि २००९ मध्ये ते औषध बाजारात आले. पिंपळी अनुपान म्हणून द्यावी असे सांगणाऱ्या जुन्या वैद्यांची नजर किती बारीक होती याचा हा पुरावा म्हणता येईल. पण हीच मिरी-पिंपळी सुंठीबरोबर त्रिकटू म्हणून एखाद्या रुग्णाने पाच-सहा गोळ्यांच्या जोडीने, कुणाला न सांगता घेतली तर काय होईल याचाही अंदाज त्यातून यावा. ज्येष्ठमध बरेच दिवस चघळल्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाचा रुग्ण घशासाठी तोच चघळत बसतो. गुग्गुळाने प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या गोळ्या अंगी कमी लागतात. अश्वगंधा थायरॉइडचे प्रमाण वाढवू शकते, आणि गरोदरपणी ती टाळायची असते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल तर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मग विचारायचे कुणाला? आपल्याकडे वनौषधींचा अधिकृत जाणकार म्हणजे मुख्यतः नोंदणीकृत आयुर्वेद वैद्य. बीएएमएस ही पदवी साडेपाच वर्षांची, त्यातले एक वर्ष आंतरवासितेचे, आणि प्रवेश ‘नीट’मधून. त्यानंतर तीन वर्षांचे एमडी असते. वनस्पतींचा विशेष अभ्यास हवा असेल तर द्रव्यगुण आणि औषधोपचार हवा असेल तर कायचिकित्सा हे विषय पाहावेत. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यकव्यवसायी अधिनियमाखाली महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असल्याशिवाय आयुर्वेदाचा व्यवसाय करता येत नाही, आणि देशपातळीवर २०२० च्या कायद्याने आलेला भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. तो चिठ्ठीवर छापलेलाच असायला हवा. ‘वैद्य विशारद’, ‘आयुर्वेद रत्न’ या पाट्या अजूनही दिसतात. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या या पदव्यांना १९६७ पर्यंतच मान्यता होती आणि त्यानंतरच्या पदव्यांवर व्यवसाय करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. सहा महिन्यांची प्रमाणपत्रे, पोस्टाने मिळालेल्या पदव्या आणि समाजमाध्यमांवरचे अनुयायी यांबद्दल वेगळे सांगायला नको. एक अडचण मात्र प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. पाटीवर बीएएमएस असलेले अनेक डॉक्टर प्रत्यक्षात दिवसभर अॅलोपॅथीच्याच गोळ्या लिहितात. त्यात त्यांचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती हा वेगळा विषय. पण वनौषधींसाठी जाताना ‘आपण आयुर्वेदाचीच चिकित्सा करता का?’ असे सरळ विचारावे.

पदवी ही किमान अट झाली. पुढची परीक्षा वैद्य काय सांगतो यापेक्षा काय विचारतो यावरून करावी. चांगला वैद्य पहिल्या भेटीत वेळ घेतो. भूक, शौच, झोप, पाळी, जुने आजार, घरातले आजार, चालू गोळ्या, कशाची अॅलर्जी, मूल होण्याचा विचार, हे सगळे तो विचारतो आणि तुमचे जुने रिपोर्ट चाळतो. नाडी पाहणे हा त्याच्या तपासणीचा एक भाग असतो. नाडीवर बोट ठेवून कर्करोग ओळखला असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. तो कल्पांची नावे, मात्रा, अनुपान आणि मुदत लिहून देतो. ‘आमचे घराण्याचे गुपित आहे’ असे म्हणून बिननावाची पुडी देणारा माणूस कितीही नामांकित असला तरी तिचा काही वाईट परिणाम झाला तर तुम्ही इस्पितळात काय सांगणार, याचा विचार करा. भस्म किंवा रसकल्प दिला असेल तर त्यात कोणता धातू आहे, तो किती दिवस घ्यायचा आणि मधे रक्ततपासणी लागेल का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि इन्शुलिन, फेपऱ्याच्या गोळ्या किंवा केमोथेरपी बंद करा असे जो पहिल्या भेटीत सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. लहानपणी झालेल्या मधुमेहात इन्शुलिन थांबले तर मूल काही दिवसांत दगावू शकते. तिथे प्रयोगाला जागाच नाही. मधुमेह, कर्करोग, फेपरे, पक्षाघात, मूतखडा, लठ्ठपणा यांवर औषधाची जाहिरात करण्यालाच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ असा फलक लावणारा कायदा मोडून सुरुवात करतो, तेव्हा बाकीच्या गोष्टींत तो किती काटेकोर असेल हे तुम्हीच ठरवा.

आधुनिक वैद्यकातल्या अनेकांचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा असतो. वनौषधींचा पुरावाच तोकडा आहे, तर वैद्याकडे तरी कशाला पाठवता? पुरावा तोकडा आहे हे खरे. बहुतेक चाचण्या लहान, थोड्या मुदतीच्या आणि एकेका वनस्पतीवरच्या आहेत. वैद्य प्रत्यक्षात वापरतात ते अनेक द्रव्यांचे कल्प क्वचितच नीट तपासले गेले आहेत. गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरते असे वर्षानुवर्षे मानले जात होते. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका काटेकोर चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उलट थोडे वाढलेलेच दिसले. तेव्हा प्रत्येक दाव्यापुढे मान डोलावण्याचे कारण नाही, आणि परंपरा जुनी आहे हा परिणामकारकतेचा पुरावा धरता येत नाही. पण या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे: वैद्याकडे पाठवले नाही तर लोक वनौषधी घेणार नाहीत. प्रत्यक्षात लोक त्या घेतातच, फक्त डॉक्टरला सांगत नाहीत, कारण सांगितले की बोलणी बसतात. निवड ‘वनौषधी की काही नाही’ अशी नसतेच. ती असते ती जबाबदार माणसाच्या हाताखाली घेतलेली वनौषधी आणि चोरून घेतलेली वनौषधी यांच्यात. बद्धकोष्ठ, अपचन, जुनाट सर्दी, पाळीच्या साध्या तक्रारी, काही त्वचाविकार अशा दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुखण्यांत चांगला वैद्य पथ्य, दिनचर्या आणि सौम्य काष्ठौषधी यांनी मदत करू शकतो, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय हेही त्याला कळते. नोंदणीकृत वैद्यही चुकतात. पण त्यांच्या चुकीला नाव, क्रमांक आणि कौन्सिलकडे तक्रारीची वाट असते. खर्चाचा मुद्दा मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. वरळीचे पोदार रुग्णालय, पुण्यात रास्ता पेठेतले ताराचंद रामनाथ, नागपूर-नांदेडची शासकीय आयुर्वेद महाविद्यालये यांच्या बाह्यरुग्ण विभागात, एका पौष्टिक पावडरीच्या डब्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत, शिकलेला माणूस तुम्हाला तपासतो.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. ब्रिटनमध्ये ‘हर्बलिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव नाही. कुणीही पाटी लावू शकतो. तिथे १८६४ पासून असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल हर्बलिस्ट्‌ससारख्या संस्थेचा सदस्य आहे का, हे पाहावे. दुकानातल्या वेष्टनावर ‘टीएचआर’ हे चिन्ह असेल तर गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासली आहे असे समजावे. औषध लागू पडते असे ते चिन्ह सांगत नाही. आणि पुण्याहून बॅगेत नेलेली आरोग्यवर्धिनी तिथल्या डॉक्टरला सांगताना तिच्यात पारा आणि ताम्रभस्म आहे हेही सांगा, नाहीतर यकृताचा रिपोर्ट बिघडला तर तो बिचारा भलतीकडेच शोधत बसेल.

वैद्याकडे जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. गोळ्या, सिरपे, काढे, चहात घालायच्या पुड्या, व्यायामशाळेतून आणलेले डबेसुद्धा. हीच पिशवी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरलाही दाखवा. दोघांपैकी एकापासून लपवलेले औषध हेच बहुतेक वेळा घोटाळ्याचे मूळ असते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला वनौषधींची यादी द्या. त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. गरोदर किंवा स्तनपान करणारी स्त्री, तान्हे मूल, यकृत-मूत्रपिंडाचा रुग्ण यांच्या बाबतीत स्वतःच्या मनाने काहीच नको. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, सर्पदंश, काविळीत बरळणे, यांपैकी काही झाले तर कुठल्याही वैद्याच्या दारात वेळ न घालवता मोठे रुग्णालय गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि वनौषधी सुरू केल्यावर लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक गेली, डोळे पिवळट दिसले किंवा ओठांना मुंग्या येऊन छातीत धडधडू लागले, तर औषध तिथेच थांबवून तपासून घ्या. अशा घटनांची नोंद ठेवण्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. तुमच्या वैद्याला तिथे कळवायला सांगा. उरलेले औषध, बाटली आणि बॅच क्रमांक असलेले वेष्टन फेकून देऊ नका, कारण आत नेमके काय होते हे शोधायला तेवढेच हाती असते.